कुंभारवाड्यातले कुल्हड: एकदाच प्यायचे की रोज?

दुधाच्या चहाचा रोजचा कप म्हणून कोरा कुल्हड, म्हणजे काचेसारखी चकाकी न दिलेला नुसत्या भाजलेल्या मातीचा कप, घेणार असाल तर घेऊ नका. चार पाहुणे यायचेत, थंडीचे दिवस आहेत, पाच-सहा वेळा वापरून मग कुंडीत टाकला तरी चालेल, असा विचार असेल तर जरूर घ्या. आणि मुंबईत राहत असाल तर धारावीच्या कुंभारवाड्यात स्वतः जाऊन घ्या. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी पुढे वाचलं नाही तरी माझी हरकत नाही. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण गेलं वर्षभर हा विषय मी जरा जास्तच मनावर घेतलाय. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईच्या हाती रिकामा वेळ, मोजपात्र आणि स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आला की दुसरं काय होणार?

मी सायनला राहते, त्यामुळे ९० फुटी रस्त्यालगतचा कुंभारवाडा मला चालत जाण्याच्या अंतरावर. सौराष्ट्रातून आलेली ही कुंभार कुटुंबं १९३०च्या दशकापासून धारावीत आहेत. रस्त्याच्या तोंडाशी दुकानं, आत गल्ल्या, गल्लीत घर, घरातच चाक आणि दोन घरांच्या मधल्या मोकळ्या जागेत विटांच्या भट्ट्या. भट्टीत जळतात कापडाच्या चिंध्या आणि सुताचा कचरा. भट्टी लागलेली असेल त्या दिवशी गेलात तर डोळे चुरचुरतात, घरी आल्यावर ओढणी धुवावी लागते. मातीचा कप म्हणजे एकदम स्वच्छ, निसर्गाच्या कुशीतली वस्तू, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा धूर एकदा जरूर खाऊन यावा. मी हे कुंभारांना नावं ठेवायला सांगत नाही. त्या धुरात राहायचं त्यांना असतं, आपण पिशवी भरून निघून येतो.

दुकानात मांडलेलं सगळं तिथेच घडलेलं नसतं, हे आधी सांगून ठेवते. चकाकणाऱ्या बरण्या, रंगीत कप, नक्षीचे दिवे यातलं बरंच बाहेरगावाहून येतं. पणत्या, कुंड्या, माठ, सुगडं आणि साधे तांबडे कुल्हड इथले. विचारलं की खरं सांगतात, निदान मला तरी सांगितलं. चाकावर केलेला कप ओळखायचा तर आतून बोट फिरवा, कुंभाराच्या बोटांच्या वळ्या हाताला लागतात. तळ उलटा करा, ओल्या मातीवरून दोरा ओढून कप कापल्याच्या गोल रेषा दिसतात. साच्यातल्या कपाला ह्या दोन्ही गोष्टी नसतात, उलट अंगावर कुठेतरी सांध्याची बारीक रेघ सापडते. चहाच्या चवीत याने काही फरक पडत नाही. फक्त "हाताने घडवलेला" असं म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर बघून घ्यावं.

मी जिथून घेते त्या दुकानातल्या बेन माझ्याच वयाच्या असतील. मी पहिल्यांदा ढिगातून एकेक कप उचलून डोळ्यांनी तपासत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "आंख से क्या दिखेगा बेन, टकोरा मारो." आणि स्वतःच एका हातात दोन कप धरून एकमेकांवर हलकेच वाजवले. चांगला भाजलेला कप खणखणीत वाजतो. कच्चा राहिलेला किंवा केसाएवढी चीर गेलेला कप बद्द आवाज करतो. माठ घेताना आपण टिचकी मारतोच की. कुल्हड स्वस्त असल्यामुळे कुणी मारत नाही, एवढंच. तेव्हापासून मी एकूण एक नग वाजवून घेते. मागे गिऱ्हाईक ताटकळत असतं, असू दे.

आणखी एक गोष्ट बघायची. कपाच्या अंगावर कुठे पांढरा ठिपका आणि त्याभोवती टवका उडालेला दिसतोय का? मातीत चुनखडीचा खडा राहिला तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. मग तो हवेतला ओलावा पीत राहतो, फुगतो आणि घरी आणल्यावर पंधरा दिवसांनीसुद्धा आजूबाजूची भाजलेली माती उडवतो. आठवीच्या वर्गात चुन्याच्या निवळीचा प्रयोग मी वर्षानुवर्षं केला, पण त्याचं इतकं घरगुती उदाहरण तेव्हा हाताशी नव्हतं. टवका आतल्या बाजूने उडाला असेल तर तो कप घेऊच नका. त्या खळग्यात दूध साचतं आणि तिथून कुबट वास सुरू होतो. काळसर डाग मात्र चालतात. भट्टीत त्या जागी हवा कमी पोचली एवढाच त्याचा अर्थ, मातीतल्या लोहाला तांबडा रंग यायला ऑक्सिजन लागतो. मला तर ते डागवालेच आवडतात.

किमतीचं म्हणाल तर लहान कुल्हड मला दहा रुपयांच्या आत पडला, मोठा, म्हणजे लस्सीचा, पंधरा ते वीसच्या दरम्यान. डझनावारी घेतले तर थोडं कमी होतं. घासाघीस मी करत नाही. आठ रुपयांच्या वस्तूत दोन रुपये कमी करून मिळवायचं काय?

"लहान" म्हणजे केवढा, यात मात्र मजा आहे. एकाच ढिगातले कप घरी आणून मोजपात्राने काठोकाठ पाणी भरून पाहिलं. कुणी ७८ मिलीलिटरचा, कुणी शंभरीला टेकलेला. हाताने केलेल्या वस्तूत हे चालायचंच, पण घरात दोन नातवंडं असतील तर "त्याला जास्त दिला" हे भांडण नक्की. आम्ही आता कप निवडतानाच जोड्या लावून घेतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर सगळीकडे उलटसुलट सल्ले मिळतात: वापरण्याआधी भिजत घालायचे की नाही?

मी दोन्ही करून पाहिलं. कोरडा कोरा कुल्हड फडक्याने पुसला, राख-धूळ जावी म्हणून नळाखाली पटकन धरला, पुन्हा पुसला आणि उकळता चहा ओतला. बारीक चुर्र आवाज येतो आणि कडेला बुडबुडे दिसतात. चहा भिंतीतल्या छिद्रांत शिरतो आणि तिथली हवा बाहेर पडते. त्याच क्षणी तो वास येतो ज्यासाठी हा सगळा खटाटोप. ओल्या मातीचा हा वास खरा आहे, कल्पनेचा खेळ नाही. कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीचा हाच वास चंदनाच्या तेलात उतरवून मिट्टी अत्तर काढतात. पण तो कपात टिकतो पहिल्या पाच-सहा घोटांपर्यंत. तळाशी आल्यावर उरतो नुसता चहा, आणि तोही बऱ्यापैकी निवलेला.

दुसरा कप रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला. काट्यावर कोरडा ८० ग्रॅम होता, सकाळी ९१ भरला. म्हणजे अकरा ग्रॅम पाणी त्या इवल्याशा भिंतीत जाऊन बसलं. उन्हात वाळवून त्यात चहा ओतला. चुर्र आवाज अगदी कमी, वास निम्म्याहून कमी. चव स्वच्छ, मातकटपणा नाही.

त्यातून माझा हिशेब असा झाला. कप एकदाच वापरायचा असेल तर भिजवू नका, भिजवलात तर ज्यासाठी पैसे मोजले तेच पाण्यात गेलं. पुन्हा पुन्हा वापरायचा असेल तर मात्र पहिल्यांदा रात्रभर भिजवा आणि वास गेल्याचं दुःख करू नका. न भिजवलेल्या कपाच्या छिद्रांत पहिल्याच दिवशी दूध-साखर जाऊन बसते आणि मग ती कुठल्याही घासण्याने पुरती निघत नाही. वास आणि टिकाऊपणा, दोन्ही एका कपात मिळत नाहीत. विकणारे हे सांगत नाहीत, कारण त्यांना दोन्ही विकायचे असतात.

माझ्या भाच्याची नोकरी कोलकात्यात आहे. त्याच्याकडे गेले तेव्हा तिथल्या भाँडातला, म्हणजे तिथल्या कुल्हडातला, चहा प्यायले. तो कप आपल्याकडच्यापेक्षा पातळ, हलका आणि छोटासा, दोन-तीन घोटांचा. आपण गोड बासुंदीसारखा चहा भरून अर्धा तास गप्पा मारत बसतो, तसं तिथे कुणी करत नाही. चहा आला, प्यायला, कप टोपलीत फेकला, चालू पडला. कपाचं माप आणि पिण्याची रीत एकमेकांना धरून आहेत. वास संपायच्या आत चहा संपतो, भिंत चहाने भिजून मऊ व्हायच्या आत कप हातातून जातो. आपल्याकडे दोनशे मिलीलिटरचा जाडजूड कुल्हड काढून त्यात चहा देणारी हॉटेलं निघालीत, त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं. मोठ्या कुल्हडात चहा लवकर निवतो, कारण इतकी सगळी थंड माती तापवायला उष्णता चहातूनच जाते. निदान आधी गरम पाण्याने कप विसळून तरी घ्यावा.

एकदा पिऊन फेकण्यामागे स्वच्छता होती, हे खरंच. पण नुसती स्वच्छता नव्हती. धातूचं भांडं घासून, विस्तवाला दाखवून शुद्ध होतं आणि मातीचं एकदा उष्टं झालं की फुटलंच पाहिजे, हा सोवळ्याओवळ्याचा हिशेब होता. कुणाच्या ओठाला लागलेला कप कुणाच्या हाती जाऊ नये, ही त्यातली खरी काळजी. माझ्या आजोळी चहाच्या हॉटेलाबाहेर वेगळे ठेवलेले कप मी लहानपणी पाहिलेत. त्यामुळे "आपल्या पूर्वजांचं केवढं हे विज्ञान" असं कुल्हडाच्या खोक्यावर छापलेलं दिसलं की मला जरा मळमळतं.

खोक्यावरच्या दाव्यांचा विषय निघालाच आहे तर ते संपवून टाकते. "माती अल्कलीधर्मी असते, चहाची ॲसिडिटी कमी करते." मी दहा मिनिटं चहा कुल्हडात आणि दहा मिनिटं काचेच्या ग्लासात ठेवून पीएचचा कागद बुडवला. दोन्ही कागदांचा रंग सारखाच. ज्यांना चहाने जळजळ होते त्यांना कुल्हडातल्या चहानेही होणार. दुसरा दावा, "मातीत विरघळून जातो." अहो, कसा विरघळेल? चिकणमाती सहाशे अंशांच्या आसपास गेली की तिच्यातलं रासायनिक बांधलेलं पाणी निघून जातं आणि ती पुन्हा चिखल होत नाही, म्हणून तर तिच्यात चहा ओतता येतो! पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इनामगावला उत्खनन केलं, तिथली जोर्वे पद्धतीची खापरं तीन हजार वर्षांनंतर रंगरेषेसकट हातात आली. संगमनेरजवळच्या जोर्व्याचंच नाव त्या खापरांना मिळालं. तुमचा कुल्हडही फुटून खापर होईल आणि खापरच राहील. ते निरुपद्रवी असतं, गाईच्या पोटात जाऊन अडकत नाही, समुद्रात तरंगत नाही, हे प्लॅस्टिकच्या तुलनेत फार मोठं आहे. तेवढंच म्हणावं.

कागदी कपाशी तुलना केली तर मात्र मी डोळे झाकून कुल्हडाच्या बाजूने. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळून गेला असता. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की अशा कपात १०० मिलीलिटर गरम द्रव पंधरा मिनिटं राहिलं तर प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार सूक्ष्म कण त्यात उतरतात. रेल्वेने कुल्हड आणायचे प्रयत्न केले ते काही उगाच नाहीत. लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना २००४ मध्ये घोषणा झाली, मग पीयूष गोयल यांनी २०२०च्या नोव्हेंबरात सांगितलं की सुमारे ४०० स्थानकांवर कुल्हडात चहा मिळतो. सायनच्या फलाटावर मला आजवर कागदी कपच मिळालाय. दोष फलाटावरच्या चहावाल्याला देता येत नाही. कागदी कपांची चळत खिशात मावते. तेवढेच कुल्हड म्हणजे पोतं, शिवाय त्यातले काही फुटके निघणार ते वेगळंच.

तर, घरात पुन्हा वापरायचे ठरवले आहेत असं धरून चालते. भिजवण्याचं सांगितलं. नंतर स्वच्छ पाण्याने धुवून कडक उन्हात पूर्ण वाळू द्यायचे. पूर्ण म्हणजे तळसुद्धा. तळ जाड असतो आणि सगळ्यात शेवटी वाळतो, रंग वरपासून खालपर्यंत एकसारखा फिकट झाला की समजा वाळला. पालथे घालताना ओट्यावर सपाट ठेवू नका, आतली वाफ कोंडते. जाळीवर किंवा दोन पळ्यांच्या दांड्यांवर ठेवा. काठ खरखरीत असेल आणि ओठ चिकटल्यासारखा वाटत असेल (आमचे हे याच कारणासाठी कप हातात घ्यायला तयार नव्हते) तर दोन कपांचे काठ पाण्याखाली एकमेकांवर गोल घासायचे. दोन मिनिटांत गुळगुळीत होतात. हा उपायही बेननेच सांगितला.

चहा झाल्याबरोबर कप धुवायचा, बेसिनमध्ये तासभर पडू द्यायचा नाही. साबण किंवा भांड्याचं जेल अजिबात नको. छिद्रं जसा चहा पितात तसा साबणही पितात, आणि पुढच्या चहाला लिंबाचा कृत्रिम वास येतो. गरम पाणी आणि नारळाचा काथ्या पुरे. आठवड्यातून एकदा गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून अर्धा तास बुडवून ठेवा, मग दोन पाण्यांतून काढा. बाहेरून पांढरी भुकटी जमायला लागली तर घाबरू नका, ते पाण्यातले आणि मातीतले क्षार आहेत, कप वाळताना पृष्ठभागावर येतात. व्हिनेगरच्या फडक्याने पुसलं की जातात. काळे-हिरवे ठिपके दिसले तर मात्र ती बुरशी, आणि बुरशीचा कप वाचवत बसायचं नसतं.

आणि कप कधी बाद करायचा? माझी परीक्षा सोपी आहे. धुतलेल्या वाळलेल्या कपात नुसतं उकळतं पाणी ओता, बशीने झाका, पाच मिनिटांनी बशी काढून वास घ्या. मातीचा किंवा काहीच वास आला नाही तर चालू ठेवा. शिळ्या दुधाचा आंबूस वास आला तर त्या कपाची चहातली नोकरी संपली. दुधाच्या चहाला माझे कप महिन्याभरातच ह्या परीक्षेत नापास झाले, रोज धुवून-वाळवूनसुद्धा. कोऱ्या चहाचे, म्हणजे लिंबू किंवा गवती चहाचे कप वेगळे ठेवले होते, ते अजून पास होतायत. काढे पिणाऱ्यांनी काढ्याचे कप वेगळेच ठेवावे हे काही सांगायला नको.

पावसाळ्यात हे सगळं बंद. मुंबईच्या जुलैत पापड वाळत नाही, तिथे कुल्हडाचा तळ काय वाळणार? जूनमध्ये शेवटचं ऊन दाखवून, प्रत्येक कप जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्याला दोन भोकं पाडून मी ते वरच्या फडताळात टाकते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलेले माझ्या नणंदेचे कप दिवाळीला उघडले तेव्हा आत नुसती बाग फुलली होती.

बाद कपांना कामं भरपूर आहेत. फोडून तुकडा कुंडीच्या भोकावर ठेवा. अख्खे असतील तर कोथिंबिरीची, मेथीची रोपं करा, तळाला खिळ्याने हलकेच भोक पाडून. दही मात्र नव्या कपात लावायचं, बाद झालेल्यात नाही. चहा न लागलेल्या, भिजवून वाळवलेल्या मोठ्या कुल्हडात लावलेलं दही इतकं घट्ट होतं की कप उलटा करून दाखवावासा वाटतो, कारण त्यातलं पाणी माती शोषते. खालची बशी तेवढी लक्षात ठेवा, तळ पाझरतो. चहाच्या वेळीही खाली बशी हवीच. आमच्या टीपॉयच्या पॉलिशवर गोल डाग आहे तो कुल्हडाचाच.

आता ऑनलाइन मागवलेल्या संचाबद्दल. नाव लिहीत नाही, कारण याच तऱ्हेचे संच अनेक जण विकतात आणि माझ्याकडे आलेलं खोकं हा त्यांच्या सगळ्या मालाचा नमुना असेलच असं नाही. आतून चकाकी दिलेले, बाहेरून कोरे, सहा कपांचे सुमारे साडेचारशे रुपये. सहापैकी एक फुटका आला, तो त्यांनी बदलून दिला. कप दिसायला देखणे. चकाकी असल्यामुळे चहा भिंतीत शिरत नाही, साबणाने धुता येतो, वास राहत नाही. म्हणजे रोजच्या वापरासाठी हेच योग्य. पण मग मातीचा वासही नाही, चुर्र आवाजही नाही. हा कुल्हडाच्या आकाराचा कप आहे, असं म्हणून घ्यावा. मला वाईट वाटलं ते एवढ्याचंच की जाहिरातीत "मातीचा अस्सल सुगंध" असं लिहिलेलं होतं. काचेच्या थराआडून सुगंध येणार कुठून?

चकाकीवाले घेताना दोन गोष्टी विचारा. एक, चकाकी शिसंविरहित आहे असं लेखी दिलंय का. कमी तापमानाला वितळणारी चकाकी करायला पूर्वी शिसं सर्रास वापरत, आणि आंबट पदार्थात ते उतरतं. लेखी नसेल तर निदान लिंबू चहा त्यात पिऊ नका. दोन, आतल्या बाजूला भडक लाल, पिवळी, नारिंगी नक्षी असलेले मी घेत नाही, नक्षी बाहेर हवी तेवढी असू दे. माझ्या संचातल्या दोन कपांच्या चकाकीला काही महिन्यांत केसासारख्या बारीक भेगांचं जाळं पडलं आणि त्यात चहाचा तपकिरी रंग उतरला. चकाकी आणि माती गरम-थंड होताना सारख्या प्रमाणात आकुंचन पावत नाहीत, म्हणून असं होतं. ते दोन कप आता पेन्सिलींसाठी.

मायक्रोवेव्हबद्दल सगळे विचारतात. कोरा कुल्हड त्यात घालू नका. भिंतीतलं पाणी चहाच्या आधी तापतं, कप हाताला चटका देतो आणि चहा कोमटच राहतो. ओला कप असेल तर तडकतोसुद्धा.

तंदूर चहाविषयी थोडक्यात, कारण त्यात फार काही नाही. भट्टीत लालबुंद तापवलेल्या कुल्हडावर चहा ओततात, तो उसळून खालच्या भांड्यात पडतो, मग दुसऱ्या कुल्हडातून आपल्याला मिळतो. दूध आणि साखर तापलेल्या मातीला लागून करपतात, त्याचा धुरकट वास येतो. तरुण मंडळी मोबाइल सरसावून उभी असतात, बघायला मजा येते. प्यायला मला करपलेल्या बासुंदीची आठवण होते, पण माझ्या भाचीला तोच आवडतो. घरी गॅसवर कुल्हड तापवून हा प्रयोग करू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते. छिद्रांत ओलावा राहिलेला असतो, त्याची एकदम वाफ होते आणि कपाच्या ठिकऱ्या उडतात. त्या तापलेल्या असतात आणि समोर तुमचा चेहरा असतो.

जायचं कधी? दिवाळीच्या आधी महिनाभर अजिबात नको. सगळी चाकं पणत्यांवर असतात, कुल्हड विचारलात तर कोपऱ्यातला जुना माल पुढे करतात, आणि गर्दीत टकोरा मारून घ्यायला कुणी देत नाही. संक्रांतीआधी सुगडांची घाई. जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंतचा काळ उत्तम, शनिवार-रविवार सोडून सकाळी अकराच्या सुमाराला. पिशवीत जुनी साडी किंवा दोन टॉवेल न्या, दुकानात कागदात गुंडाळून देतात पण लोकलमध्ये ते पुरत नाही. कप एकात एक घालून आणू नका, काढताना काठाचा टवका जातो.

कार्याला शंभर-दोनशे हवे असतील तर तीन आठवडे आधी सांगून ठेवा, थोडी आगाऊ रक्कम द्या आणि दहातला एक फुटेल असं धरून जास्तीचे सांगा. धारावीचा पुनर्विकास डोक्यावर आहे. टॉवर उभे राहिले तर धूर ओकणारी भट्टी कुठल्या मजल्यावर बसवणार, हे मी बेनना विचारलं. त्या म्हणाल्या, "पहले तुम्हारा ऑर्डर लिखवाओ." पुतण्याच्या मुलाची मुंज मार्चमध्ये आहे, दीडशे लिहून आलेय, लहान मापाचे.